गरोदरपणातलं बीपी: कोणत्या तक्रारीला "असं होतंच" म्हणू नये

रात्रपाळी (धागाकर्ती)

लेबर वॉर्डात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. इथल्या गरोदरपणाच्या धाग्यांवर मळमळ, झोप, कुठल्या कुशीवर निजावं यावर शंभर शंभर प्रतिसाद पडतात. बीपीवर एखादं वाक्य येतं आणि चर्चा पुढे सरकते. म्हणून हा वेगळा धागा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनी भर घालावी, चुकत असेन तिथे टोकावं.

आधी आकडा. वरचं १४० किंवा खालचं ९०, यातलं कुठलंही एक गाठलं की गरोदर बाईचं बीपी वाढलेलं धरायचं. दोन्ही वाढायला हवीत असं मुळीच नाही. एकदा असं आलं की किमान चार तासांनी पुन्हा मोजून पक्कं करतात. पण वरचं १६० किंवा खालचं ११० असेल तर हा चार तासांचा हिशोब नसतो. दवाखान्यात पंधरा मिनिटांत पुन्हा मोजतात आणि तेवढंच निघालं तर तासाभराच्या आत औषध पोटात किंवा शिरेत गेलेलं असतं, कारण इथून पुढे मेंदूत रक्तस्रावाची भीती. घरी असा आकडा दिसला तर निघायचं. पुन्हा मोजायची हौस असेल तर ती निघायची तयारी चालू असताना भागवा.

विसाव्या आठवड्याच्या आधीच बीपी जास्त असेल तर ते बहुतेक जुनं, आधीपासूनचं. त्यानंतर सुरू झालं तर गरोदरपणातलं. आणि त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, किंवा किडनी, यकृत, रक्त, मेंदू, फुप्फुसं यांपैकी कशावर ताण आल्याचं दिसलं, तर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. त्यातून झटके आले की एक्लॅम्पसिया.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हा आजार बराच काळ काहीच जाणवू देत नाही. बाई हसतखेळत तपासणीला येते आणि बीपी १५६/१०२ निघतं. आणि लक्षणं येतात तेव्हा ती गरोदरपणाच्या रोजच्या तक्रारींसारखीच दिसतात. डोकं दुखतं, जळजळतं, पाय सुजतात, दम लागतो. घरातली चार अनुभवी माणसं "अगं, या दिवसांत असं होतंच" म्हणतात. नव्वद टक्के वेळा ती बरोबरही असतात, म्हणून तर उरलेल्या वेळी घात होतो.

डोकेदुखी घ्या. जागरणाने, उन्हाने दुखतं ते पॅरासिटामॉल घेऊन, अंधारात पडून उतरतं. बीपीचं उतरत नाही. गोळी घेतली, झोप झाली, तरी कपाळ ठणकतंच आहे, अशी डोकेदुखी विसाव्या आठवड्यानंतर कधीही झाली तर आधी बीपी मोजायचं, मग बाकीची कारणं शोधायची.

नजरेची तक्रार बायका आपणहून सांगतच नाहीत. मी दर वेळी मुद्दाम विचारायचे, "डोळ्यांसमोर काही चमकतं का?" मग उत्तर यायचं, "हो, सकाळपासून जरा काजवे दिसतायत, चष्म्याचा नंबर बदलला असेल." काजवे, नागमोडी रेघा, काळे ठिपके, धूसर दिसणं, समोरच्या माणसाचा अर्धाच चेहरा दिसणं, यातलं काहीही असलं तरी चष्म्याच्या दुकानात नाही, प्रसूतीच्या डॉक्टरांकडे जायचं.

पोटाचं दुखणं सगळ्यात फसवं. उजव्या बरगडीखाली किंवा मधोमध, छातीचं हाड संपतं त्याच्या जरा खाली. यकृताला सूज येऊन त्याचं आवरण ताणलं जातं, त्याचं हे दुखणं. ॲसिडिटीची जळजळ घशाकडे वर चढते, आंबट ढेकर येतात, औषधाने शमते. हे दुखणं एका जागी ठाण मांडून बसतं, कधी पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जातं, जोडीला मळमळ-उलटी असते. पहिल्या तीन महिन्यांत उलट्या थांबल्या होत्या आणि सातव्या-आठव्या महिन्यात पुन्हा सुरू झाल्या, तर त्याला "परत सुरू झालं वाटतं" म्हणून सोडून देऊ नका.

सूज. पायांवरची, संध्याकाळी वाढणारी आणि रात्री पाय वर करून झोपलं की उतरणारी, ही बहुतेकींना येते. सुजेवरून आता निदान करतही नाहीत. पण सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या, बोटं जाड झालेली, अंगठी फिरेना, आणि हे सगळं दोन-तीन दिवसांत झालेलं, तर तपासायला हवं. आठवड्यात किलोभरापेक्षा जास्त वजन वाढलं तर ते बाळाचं नसतं, अंगात साठलेल्या पाण्याचं असतं.

बाकीचं पटकन सांगते: आडवं पडल्यावर दम लागणं आणि उठून बसल्यावर बरं वाटणं, लघवी अगदी कमी होणं, बाळाचं फिरणं मंदावणं. आणि पोट दगडासारखं घट्ट होऊन सुटतच नाही, दुखतंय, कदाचित खालून रक्त जातंय, तर वार (प्लॅसेंटा) बाळंतपणाआधीच सुटण्याची शक्यता असते. त्यात मिनिटं मोजायची असतात. रक्त दिसलं नाही म्हणूनही थांबायचं नाही, ते आतच साठू शकतं.

घरात बीपीचं मशीन नसेल तरी लक्षणावर निघता येतं. आकडा हातात नाही म्हणून कुणी दारातून परत पाठवत नाही.

आणि दवाखान्यात फोन कराल तेव्हा "तिला बरं वाटत नाहीये" असं म्हणू नका. रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. असं सांगा: "चौतिसावा आठवडा, पहिली वेळ. आत्ता बीपी १५२/१००, पाऊण तासापूर्वी १५०/९८ होतं. संध्याकाळपासून डोकं दुखतंय, गोळीने गेलं नाही. बाळ फिरतंय. आम्ही निघतोय." हे ऐकलं की समोरचा माणूस खाट तयार करायला लागतो.

---

अर्धविराम

ताई, अगदी वेळेवर धागा आला. माझा ३१वा आठवडा चालू आहे. पाय सुजतातच, त्याचं काही वाटत नव्हतं. पण गेल्या तीन-चार दिवसांत अंगठी काढून ठेवावी लागली आणि सकाळी आरशात चेहरा फुगल्यासारखा दिसतो. डोकं वगैरे दुखत नाही. मागच्या तपासणीत बीपी १०८/६८ होतं. पुढची तपासणी दहा दिवसांनी आहे. तेव्हा सांगितलं तर चालेल ना?

---

रात्रपाळी

नाही चालणार. आज किंवा फार तर उद्या सकाळी बीपी आणि लघवी तपासून घ्या. त्यासाठी तुमचेच डॉक्टर भेटायला हवेत असं नाही, जवळ जिथे मोजून मिळेल तिथे मोजा आणि आकडा त्यांना कळवा. बहुतेक काही निघणार नाही. पण डोकं दुखत नाही म्हणजे बीपी वाढलेलं नाही, असं नसतं, म्हणून सांगतेय. तपासून आलात की इथे लिहा.

---

जुनं_ते_सोनं

लेख माहितीपूर्ण, पण याने पोरी घाबरून जातील. आमच्या आयांनी कुठे बीपी मोजलं होतं? आठ-आठ बाळंतपणं झाली घरातच. हल्ली प्रत्येक गोष्टीला नाव आणि प्रत्येक नावाला तपासणी.

---

रात्रपाळी

काका, ज्यांची झाली त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. ज्या गेल्या त्यांच्याबद्दल "बाळंतपणात गेली" एवढंच घरात बोललं जायचं, कशाने ते कुणी विचारलं नाही. झटके येऊन गेली की रक्तस्रावाने, हे नोंदवायला तिथे होतं कोण? आणि तपासणीचं म्हणाल, तर दंडाला पट्टा बांधणं आणि लघवीत एक पट्टी बुडवणं. याहून साधी तपासणी वैद्यकात शोधून काढावी लागेल.

घाबरवायचं नाहीच आहे. जगभरचा हिशोब धरला तर शंभर गरोदर बायकांत साधारण दोन ते आठ जणींना प्रीएक्लॅम्पसिया होतो. म्हणजे बहुसंख्य जणींना होत नाही. झालेल्यांपैकीही वेळेत सापडलेल्या बहुतेक जणी बाळ घेऊन घरी जातात.

---

निळी_शाई

पोटाच्या दुखण्याबद्दल लिहिलंत ते माझ्यावर बेतलेलं आहे म्हणून लिहिते.

३३व्या आठवड्यात रात्री जेवणानंतर छातीखाली दुखायला लागलं. एका दवाखान्यात दाखवलं, बीपी १३८/८८ होतं, "हे ठीक आहे" म्हणाले आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पहाटे उजव्या बरगडीखाली असं काही रुतल्यासारखं झालं की कुशीवर वळता येईना. दोन उलट्या झाल्या. आई म्हणाली, आता मी काही ऐकत नाही, मोठ्या इस्पितळात चल. तिथे पोट दाबून बघताच ड्युटीवरच्या मुलीचा चेहरा बदलला, रक्त घेतलं. प्लेटलेट्स साठ हजारांच्या खाली आणि यकृताचे आकडे पाचशेच्या घरात. मला तेव्हा हे आकडे कळतही नव्हते. फक्त "हेल्प सिंड्रोम" हे शब्द ऐकले आणि वाटलं, मदत कसली करतायत?

त्याच दिवशी सीझर झालं. मुलगा काही आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता. आता शाळेत जातो आणि माझं डोकं खातो.

माझं एकच म्हणणं: बीपी १४०च्या आत आहे म्हणून कुणी परत पाठवलं आणि दुखणं थांबत नसेल, तर "रक्ताची तपासणी करा" असं स्वतः म्हणा.

---

टाका_आणि_गाठ

स्त्रीरोग व प्रसूती हाच व्यवसाय, म्हणून भर घालतो. रात्रपाळी ताईंच्या लेखात टोकण्यासारखं काही नाही. (ज्या सिस्टर हे सगळं विचारून फोन करायच्या, त्यांच्या फोनवर आम्ही आधी बूट घालायचो, मग प्रश्न विचारायचो.)

निळी_शाई यांची केस नीट वाचा. हेल्प सिंड्रोममध्ये तांबड्या पेशी फुटतात, यकृतातली एन्झाइम्स वाढतात आणि प्लेटलेट्स उतरतात. काही जणींत या वेळी बीपी फारसं वाढलेलं नसतं, लघवीत प्रथिनंही नसतात. त्यामुळे बीपी ठीक आणि लघवी स्वच्छ, एवढ्यावर वरच्या पोटाचं दुखणं निकालात काढता येत नाही. प्लेटलेट्स, एसजीओटी-एसजीपीटी (यकृताची एन्झाइम्स) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) लागतात. प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली, एन्झाइम्स नेहमीच्या मर्यादेच्या दुपटीवर, क्रिएटिनिन १.१च्या वर, यातलं काहीही वाढलेल्या बीपीच्या जोडीला सापडलं तर प्रीएक्लॅम्पसिया, मग लघवीत प्रथिनं असोत वा नसोत. २०१३पासून अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने प्रथिनांची अट काढून टाकली. तरीही "लघवी साफ आहे, काळजी नको" हे वाक्य अजून ऐकू येतं.

हे होतं कशाने? वार रुजते तेव्हा तिच्या पेशी गर्भाशयाच्या अरुंद, वळणावळणाच्या धमन्यांत शिरून त्या रुंद आणि सैल करतात. म्हणजे पुढे बाळाला भरपूर रक्त मिळेल. काही जणींत हे काम अर्धवट राहतं. वारेला रक्त कमी पडतं, आणि उपाशी वार आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडते की त्यांनी तिच्या सगळ्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. लवकर, म्हणजे ३४ आठवड्यांच्या आत सुरू होणाऱ्या प्रकाराला हे जास्त लागू पडतं. अस्तर सगळीकडे आहे, म्हणून किडनी गळते, यकृत सुजतं, मेंदू चिडतो, डोळ्यांपुढे काजवे येतात. बीपी हा त्यातला फक्त मोजता येणारा भाग.

म्हणून पेशंट विचारतात, "गोळीने बीपी उतरलं, आता बरं झालं ना?" तर नाही. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा यांनी आईचा मेंदू वाचतो, आजार थांबत नाही. तो थांबतो वार बाहेर आल्यावर, तोही लगेच नाही. त्यामुळे आमची सगळी कसरत प्रसूती कधी करायची याचीच असते. ३७ आठवडे भरले असतील तर थांबण्यात अर्थ नसतो. आजार तीव्र असेल तर ३४ला. त्याच्याही आधी असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन, रोज रक्त आणि बाळाचे ठोके बघत जमेल तितके दिवस ओढायचे. आईची तब्येत घसरली की मात्र आठवडे मोजत बसायचं नाही.

एक इशारा. ज्यांना आधीपासून बीपी आहे आणि रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारखी गोळी चालू आहे, त्यांनी दिवस राहिल्याचं कळताच त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून ती बदलून घ्यावी. बाळाच्या किडनीला ती घातक आहे. आपल्या मनाने नुसती बंद करू नका, बीपी उसळेल.

---

उंबरा

बायकोचा २६वा आठवडा. घरी मशीन आणलंय, पण सकाळी १२४, पाच मिनिटांत १४२, परत १३०. कशावर विश्वास ठेवायचा? मनगटावरचं मशीन आहे.

---

रात्रपाळी

मनगटावरचं बाजूला ठेवा, दंडावरचं घ्या. तेही गरोदर बायकांवर तपासून प्रमाणित झालेलं आहे का ते बघून. प्रीएक्लॅम्पसियात काही स्वयंचलित मशिनं आकडा कमी दाखवतात. पुढच्या तपासणीला मशीन सोबत न्या आणि डॉक्टरांच्या मशीनशेजारी लावून बघा. पाच-सातचा फरक असेल तर चालतो, पंधराचा असेल तर ते मशीन बदला.

पट्ट्याचं माप महत्त्वाचं. दंड जाड आणि पट्टा लहान, तर बीपी नसताना दिसेल. पट्टा बाहीवरून बांधू नका. लघवीला जाऊन या, अर्धा तास चहा-कॉफी नको. खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पावलं जमिनीवर, पायावर पाय टाकायचा नाही, हात टेबलावर आणि पट्टा छातीच्या पातळीला. मशीन चालू असताना बोलायचं नाही, फोनवर बघायचं नाही, आणि नवऱ्याने शेजारी उभं राहून "किती आलं, किती आलं" असं विचारायचं नाही. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वेळेसकट लिहून ठेवा. कमी आलेला तेवढा लिहायचा, अशी बेइमानी बरेच जण करतात.

उताणं पडून मोजू नका, आणि डाव्या कुशीवर निजून वरच्या हाताचं तर अजिबात नको. तो हात हृदयाच्या वर जातो आणि आकडा खोटाच कमी येतो. वॉर्डात नवीन मुली "कुशीवर घेतलं तर छान येतं" म्हणायच्या, तेव्हा मी ओरडायचे.

---

साधं_सरळ

बीपी वाढू नये म्हणून मीठ बंद करावं का? आणि पूर्ण विश्रांती? माझ्या बहिणीला पहिल्या महिन्यापासून दोन्ही सांगितलंय घरच्यांनी.

---

टाका_आणि_गाठ

दोन्हीने प्रीएक्लॅम्पसिया टळतो असा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनाही प्रतिबंधासाठी मीठ तोडणं किंवा घरी अंथरुणाला खिळवणं यांची शिफारस करत नाही. दिवसच्या दिवस पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो. क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्याही या कामाला उपयोगी नाहीत. सूज उतरवायला लघवीची गोळी कुणी सुचवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका.

उपयोग होतो तो कमी मात्रेच्या ॲस्पिरिनचा, पण ज्यांना धोका जास्त आहे त्यांनाच. आधीच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया झालेला, जुनं बीपी, मधुमेह, किडनीचा आजार, ल्युपस, जुळी बाळं, यातलं एक असलं तरी पुरे. पहिली खेप, वय ३५च्या पुढे, वजन बरंच जास्त, आईला किंवा बहिणीला झालेला, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून मोठं अंतर, यातली दोन-तीन एकत्र आली तरी विचार करतात. सुरुवात बाराव्या आठवड्यानंतर आणि शक्यतो सोळाव्याच्या आत व्हायला हवी. २०१७च्या ॲस्प्रे अभ्यासात जास्त धोक्याच्या बायकांना रात्री १५० मिलिग्रॅम दिलं होतं, तर ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्पसिया निम्म्याहून अधिक घटला. मात्रा देशोदेशी वेगळी असते, ७५ ते १५०च्या मध्ये. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने घ्यायची ही गोळी नव्हे. जिथे रोजच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं तिथे कॅल्शियमच्या गोळ्यांचाही फायदा होतो.

---

अर्धविराम

आले तपासून. बीपी १३४/८६, दोनदा घेतलं. लघवीत अल्ब्युमिन (प्रथिन) नाही. रक्तही दिलं, रिपोर्ट संध्याकाळी. डॉक्टर म्हणाल्या, वाढलेलं म्हणता येणार नाही पण तुझ्या आधीच्या आकड्यापेक्षा बरंच वर आहे. घरी दिवसातून दोनदा मोजायचं आणि तीन दिवसांनी परत जायचंय. नवरा म्हणतोय, १४० नाहीये तर एवढं काय?

---

टाका_आणि_गाठ

नवऱ्याला सांगा, पूर्वी मूळ आकड्यापेक्षा वरचं ३० आणि खालचं १५ने वाढलं तर त्यालाच निदान मानायचे. आता ते निदान नाही, पण अशा बाईवर लक्ष ठेवायचं हे आम्ही अजून पाळतो. १०८वरून १३४ झालं, शिवाय चेहऱ्यावर सूज आहे. तुमच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबर. १४० किंवा ९० दिसलं तर तीन दिवस थांबू नका, त्याच दिवशी फोन. बाळाचं फिरणं रोज लक्षात घ्या.

---

माजघर

सगळे प्रसूतीपर्यंतच बोलतायत. माझं गरोदरपणात बीपी कायम १२०च्या आत. बाळंतपण सरळ झालं, घरी आले आणि पाचव्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली. बाळ रात्रभर जागवतं, झोप नाही, म्हणून दुखत असेल असं सगळे म्हणाले, मीही तेच म्हणत होते. नणंद फार्मसिस्ट आहे, तिने सहज पट्टा लावला तर १७२/११२. इस्पितळात पोचेपर्यंत समोरचं दिसेनासं झालं होतं. तिथे सलाईनमधून काहीतरी दिलं की अंगातून आगीची वाफ गेल्यासारखं झालं. नंतर दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन गुडघ्यावर हातोडी मारायचं. मला वाटलं, या लोकांना झालंय काय?

---

रात्रपाळी

ते मॅग्नेशियम सल्फेट, आमचं मॅगसल्फ. झटके येऊ नयेत म्हणून देतात. सुरुवातीला अंग तापल्यासारखं बऱ्याच जणींना होतं. मात्रा जास्त झाली तर आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास मंदावतो. म्हणून ती हातोडी, श्वास मोजणं, आणि लघवी किती होते ते बघणं. ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या मॅगपाय अभ्यासाने २००२मध्ये दाखवून दिलं की प्रीएक्लॅम्पसियात या औषधाने झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. महागडं नाही, नवं नाही, आणि अजून याच्या तोडीचं दुसरं सापडलेलं नाही.

आणि माजघर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वार बाहेर आली म्हणजे संपलं, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास बीपी सर्वांत वर जातं. नेमकी तेव्हा बाई घरी असते आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. सहा आठवड्यांपर्यंत झटके येऊ शकतात, गरोदरपणात बीपी कधीच वाढलं नसलं तरी.

कमरेत भूल दिली असेल तर आणखी एक घोटाळा. त्या भुलेची डोकेदुखी उठून बसलं की वाढते आणि आडवं पडलं की कमी होते. बीपीच्या डोकेदुखीला असं आडव्या-उभ्याचं काही नसतं. पण हा फरक घरी करत बसू नका. बाळंतिणीचं डोकं दुखतंय, पट्टा लावा, इतकंच.

---

उंबरा

समजा घरातच झटका आला तर? हे विचारायला नको वाटतंय, पण माहीत असावं.

---

रात्रपाळी

विचारलंत ते योग्यच. डाव्या कुशीवर वळवा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, कापड, काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात आणि बोटंही. पाणी पाजू नका, गोळी भरवू नका. एकाने लगेच रुग्णवाहिका बोलवायची आणि "गरोदर आहे, झटका आलाय" हे शब्द आधी उच्चारायचे. झटका किती वाजता सुरू झाला ते बघून ठेवा. बहुतेक वेळा तो मिनिट-दीड मिनिटात थांबतो. थांबला, ती बोलायला लागली, तरी रुग्णवाहिका परत पाठवायची नाही. दुसरा येऊ शकतो. शुद्धीवर येताना ती गोंधळलेली असेल, कदाचित चिडेल, उठू बघेल. कुशीवरच ठेवा आणि बोलत राहा.

---

जुनं_ते_सोनं

माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, घाबरणाऱ्या घाबरतातच. पण सूनबाईंना धागा पाठवला आहे. एक शंका: बाळंतपणानंतर बीपीची गोळी चालू असेल तर बाळाला अंगावर पाजता येतं का?

---

टाका_आणि_गाठ

येतं. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल या गोळ्या पाजणाऱ्या आईला देतात. हो, एनालाप्रिल गरोदरपणात वर्ज्य आहे आणि नंतर चालते, गोंधळू नका. बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असेल तर बालरोगतज्ज्ञांना कल्पना द्या. गोळी मनाने बंद करायची नाही. आकडे उतरत जातील तशी डॉक्टर कमी करतात.

---

निळी_शाई

डॉक्टर, माझाही एक प्रश्न. दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे. परत होईल का? घरचे म्हणतात, एकदा झालं की दर वेळी होतंच.

---

टाका_आणि_गाठ

दर वेळी होतंच असं नाही. साधारण सहांत एकीला पुन्हा होतो. पहिल्या खेपेला तुमच्यासारखी ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागली असेल तर धोका जास्त, साधारण तिघींत एक. दिवस राहण्याआधीच भेटा. बीपी, किडनी, साखर बघून घेऊ, आणि इतक्या लवकर झालेला असल्याने अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडींची (यांनी रक्ताच्या गुठळ्या होतात) तपासणीही करायला सांगेन. मागचे कागद, विशेषतः डिस्चार्ज कार्ड आणि तेव्हाचे रक्ताचे रिपोर्ट, शोधून ठेवा. ॲस्पिरिन बाराव्या आठवड्यापासून लागेल, तेव्हा पहिली भेट पाचव्या महिन्यात असं करू नका.

दुसरं बाळ नको असं ठरलं तरी वर्षातून एकदा बीपी मोजायचं, अधूनमधून साखर आणि कोलेस्टेरॉल. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. पन्नाशीत छातीत दुखतं म्हणून कुठल्या डॉक्टरांकडे गेलात, तर "बाळंतपणात बीपी झालं होतं" हे त्यांना आठवणीने सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

---

अर्धविराम

रिपोर्ट आले. प्लेटलेट्स दोन लाख दहा हजार, एसजीपीटी २४, क्रिएटिनिन ०.६. आत्ता घरी १३०/८४. नवऱ्याला खुर्चीच्या दोन हात लांब उभं केलं होतं. गुरुवारी परत जायचंय, गेल्यावर लिहिते.